युद्धात राहणाऱ्यानेच काढलेला माहितीपट: साक्ष, की दुःखाचं प्रदर्शन?

मांडवीकाठ (पणजी)

मागच्या रविवारी फोंड्याला एका वाचनालयाच्या माडीवर ‘फॉर समा’ हा माहितीपट दाखवला. पंधरा-वीस माणसं, भिंतीवर ताणलेली पांढरी चादर, बाहेर धो धो पाऊस. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाद अल-कतीब ही अलेप्पोच्या विद्यापीठात शिकणारी मुलगी. सीरियात असद राजवटीविरुद्ध निदर्शनं सुरू झाली तेव्हा तिने हातातल्या मोबाइलवर चित्रण सुरू केलं. पुढे कॅमेरा आला, एका डॉक्टरशी लग्न झालं, पूर्व अलेप्पोत मुलगी झाली. तिचं नाव समा. डिसेंबर २०१६ मध्ये शहर सोडावं लागलं तोवर ती चित्रण करत राहिली. पुढे एडवर्ड वॉट्स यांना सोबत घेऊन तिने २०१९ मध्ये त्याचा माहितीपट केला, मुलीला लिहिलेल्या पत्रासारखा.

त्यात एक बाळंतपण आहे. बॉम्बहल्ल्यात जखमी झालेल्या, दिवस भरत आलेल्या बाईला इस्पितळात आणतात. डॉक्टर पोट उघडून बाळ काढतात. बाळ निपचित. पाठ चोळतात, पाय धरून उलटं करतात, चापट्या मारतात, पुन्हा चोळतात. पडद्यावर ते काही फार वेळ चालत नाही, पण आमच्या खोलीत तेवढा वेळ कुणी हललं नाही. मग बाळ डोळे उघडतं आणि रडतं. आई आणि बाळ दोघंही वाचतात. माझ्या शेजारच्या काकींनी हात जोडले ते शेवटपर्यंत सोडले नाहीत.

संपल्यावर जिन्यातच वाद पेटला. एक मास्तर म्हणाले, “हे दाखवायला नको होतं. ती बाई शुद्धीत नव्हती. तिला कुणी विचारलं?” त्यावर मला तिथे नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

मला अशा चित्रणावर बातम्यांपेक्षा जास्त विश्वास वाटतो. असं चित्रण करणारा तटस्थ असतो असं मी म्हणत नाही, तो तटस्थ नसतोच. पण बाहेरून आलेल्याच्या खिशात परतीचं तिकीट असतं. त्याला युद्ध दिसतं, कारण तो युद्ध पाहायलाच आलेला असतो. घरातल्या माणसाला युद्धाच्या आजूबाजूचं दिसतं. वेढ्यात अन्न मिळेनासं झालेलं असताना एक नवरा बायकोला कुठून तरी एक पर्सिमन आणून देतो. टोमॅटोसारखं दिसणारं केशरी फळ. ती बाई एवढी हरखते की बघणाऱ्याला रडू येतं. जळून गेलेल्या बसच्या सांगाड्याला पोरं रंग लावतात. हे टिपायला कुठल्या वाहिनीने माणूस पाठवला असता?

आणि आपलं काय? गोवा मुक्तीच्या वेळची, डिसेंबर १९६१ ची, आपल्याकडे चित्रं आहेत ती सैन्याची, रणगाड्यांची, हारतुऱ्यांची. त्या दोन दिवसांत डिचोलीच्या किंवा माशेलच्या एखाद्या घरात चुलीपुढे काय बोलणं चाललं होतं, याचं एकही चित्र माझ्या तरी पाहण्यात नाही. मला ती उणीव फार जाणवते.

जुना मास्तर (माशेल)

जिन्यात बोललो तो मीच. ताई, तुम्ही माशेलचंच नाव घेतलंत म्हणून सांगतो.

तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पोर्तुगीज सैन्याने माघार घेताना बाणस्तारीचा पूल उडवला. त्या आवाजाने आमच्या फडताळातली पितळी भांडी एकमेकांवर आपटली आणि एक तांब्या खाली पडून बराच वेळ गोल फिरत राहिला. आजीने आम्हा चौघांना ओढत भाताच्या कोठीमागे नेलं. तिथे आजोबा आधीच बसले होते. गावात त्यांच्या शब्दाला मान होता, भांडणं त्यांच्यासमोर मिटायची. ते थरथरत होते आणि त्यांचं धोतर ओलं झालं होतं. आजीने रात्री ते विहिरीवर नेऊन धुतलं. पुढे वीस वर्षं आजोबा जगले. या गोष्टीचा उच्चार आमच्या घरात कुणी केला नाही.

आज पहिल्यांदा मी हे लिहितो आहे, तेही त्यांचं नाव न घेता, आणि ते ओळखणारं कुणी उरलेलं नाही याची खात्री करून. त्या दिवशी आमच्या घरात कॅमेरा असता, तर माझे आजोबा कायमचे तसेच राहिले असते. तुम्हाला चुलीपुढचं बोलणं हवं आहे. चुलीपुढे माणूस उघडा असतो, ताई. आजीने जे झाकलं ते खोटं नव्हतं, ती माया होती.

त्या अलेप्पोच्या बाईचं उघडलेलं पोट फोंड्यात पंधरा माणसांनी पाहिलं. त्यातल्या एकाने तरी तिच्यासाठी काय केलं? मीही नाही केलं. पाहून घरी गेलो, पेज खाल्ली आणि झोपलो.

कात्री (मडगाव, सध्या मुंबई)

मी संकलनाचं काम करतो. मास्तरांचा मुद्दा संमतीचा आहे, तो मोठा आहेच. पण मांडवीकाठ यांच्या मूळ मुद्द्यालाच माझी हरकत आहे. “घरातल्याने काढलेलं” असं काही पडद्यावर येतच नाही. घरातल्याने काढलेलं म्हणजे शेकडो तासांचं चित्रण. त्यात कॅमेरा बंद करायचा राहिला म्हणून आलेली जमीन असते, खोकला असतो, एकच मोर्चा दहा वेळा असतो. त्यातून दीड तास कुणी तरी निवडतो. खरा निवेदक तो.

‘फाइव्ह ब्रोकन कॅमेराज’ घ्या. एमाद बुर्नात हा वेस्ट बँकमधल्या बिलीन गावचा शेतकरी. २००५ मध्ये चौथा मुलगा झाला म्हणून त्याने कॅमेरा घेतला. त्याच सुमारास इस्रायलचं कुंपण गावच्या जमिनीतून जाऊ लागलं आणि तो निदर्शनं टिपू लागला. एकामागून एक पाच कॅमेरे फुटले, त्यातल्या एकाने तर गोळी अडवली. यातलं सगळं खरं आहे. पण पाच कॅमेऱ्यांची पाच प्रकरणं हा घाट संकलनाच्या टेबलावर घडतो. सहदिग्दर्शक गाय दाविदी इस्रायली आहे आणि लेखनाचं श्रेय त्याचं आहे. पडद्यावर बुर्नातचा आवाज ऐकताना तुम्हाला वाटतं तो मनात येईल ते बोलतो आहे. ते वाक्य आधी दुसऱ्याच्या कागदावर उतरलेलं असतं. मी याला लबाडी म्हणत नाही, मला तो माहितीपट आवडतो. पण “परतीचं तिकीट नसलेल्याचा आवाज” म्हणून त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा, असं मी कुणाला सांगणार नाही.

दुसरं, ‘बर्मा व्हीजे’. २००७ मध्ये म्यानमारमध्ये भिक्षू रस्त्यावर उतरले. त्यांचं चित्रण तिथल्या माणसांनी जीव धोक्यात घालून केलं आणि देशाबाहेर पोचवलं. ते खरंखुरं सोनं आहे. डॅनिश दिग्दर्शकाने त्यातल्या जागा जोडायला काही प्रसंग नंतर पुन्हा घडवून चित्रित केले. बघणाऱ्याला कोणता तुकडा कोणता हे दर वेळी कळत नाही. ज्याने गोळ्यांसमोर कॅमेरा धरला त्याच्या साक्षीला यामुळे बळ मिळालं की बट्टा लागला? मला वाटतं बट्टा लागला.

आणि पैसा. युरोपातला निधी, युरोपातले महोत्सव, तिथला प्रेक्षक. शेवट आशेचा हवा, मूल हवं, स्त्रीपात्र हवं, ही मागणी कुणी लेखी करत नाही. पण संकलकाला ती ठाऊक असते. मी त्या खोल्यांत बसलो आहे.

म्हापशाची वकील

कात्री, तुमचं म्हणणं माहितीपटाला लागू आहे, चित्रणाला नाही. माझ्या दृष्टीने माहितीपट हे फळ आहे, झाड म्हणजे ते शेकडो तास. ते झाड जपलं पाहिजे.

लिबियाचं उदाहरण पाहा. ऑगस्ट २०१७ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने महमूद अल-वेर्फल्ली या कमांडरविरुद्ध अटक वॉरंट काढलं. त्यात बराचसा आधार समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या व्हिडिओंचा होता. सात घटना, ३३ बळी. ते व्हिडिओ काही माहितीपटासाठी काढलेले नव्हते. सीरियाच्या तुरुंगांत मेलेल्यांची हजारो छायाचित्रं ‘सीझर’ या टोपणनावाच्या लष्करी छायाचित्रकाराने बाहेर आणली. कोब्लेन्झच्या जर्मन न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये अन्वर रस्लान या सीरियन अधिकाऱ्याला जन्मठेप दिली, त्या खटल्यात ती छायाचित्रं तज्ज्ञांनी तपासून मांडली होती.

युक्रेनमधल्या मारिउपोलचं प्रसूतिगृह ९ मार्च २०२२ ला उद्ध्वस्त झालं. तेव्हा रशियाकडून सांगण्यात आलं की स्ट्रेचरवरच्या आणि जिना उतरणाऱ्या गरोदर बायका नट्या आहेत. एपी या वृत्तसंस्थेच्या दोन पत्रकारांनी चित्रण केलं नसतं, पुढे त्या बायकांचा माग काढला नसता, तर हा दावा तसाच हवेत राहिला असता. त्यांतला मस्तिस्लाव्ह चेर्नोव्ह हा व्यावसायिक पत्रकार आहे हे मान्य, पण तो खारकीव्हचा, देश त्याचाच. घरातला आणि बाहेरचा ही रेघ तुम्ही मानता तेवढी सरळ नाही.

मास्तर, त्या बाईला कुणी विचारलं नाही हे खरं. पण तिच्यावर बॉम्ब टाकणाऱ्यानेही विचारलं नव्हतं. तो उद्या म्हणेल, तिथे इस्पितळ नव्हतंच. तेव्हा काय दाखवायचं?

जुना मास्तर (माशेल)

न्यायाधीशाला दाखवा. मी त्याच्या आड येत नाही. चादर लावून आम्हाला का दाखवता, एवढंच विचारतो आहे. आणि त्या वेर्फल्लीचं पुढे काय झालं, तेही लिहा.

म्हापशाची वकील

मार्च २०२१ मध्ये बेनगाझीत गोळ्या घालून मारला गेला. खटला उभा राहिला नाही.

चादर का लावायची याचं उत्तर: न्यायाधीशापर्यंत पोचण्याआधीच चित्रण नाहीसं होतं म्हणून. २०१७ मध्ये यूट्यूबने हिंसक मजकूर हटवण्यासाठी यंत्रणा लावली आणि सीरियातल्या लोकांनी टाकलेले लाखो व्हिडिओ उडाले. काही परत आले, काही नाही. ज्यांनी ते टाकले त्यांतले कितीतरी मेले होते, दुसरी प्रत कुठून आणणार? माणसांनी पाहिलेलं, बोललेलं, उतरवून घेतलेलं टिकतं.

वाडेंची सून (सांगे)

मी फार शिकलेली नाही, पण हा धागा दोनदा वाचला.

आमच्याकडे युद्ध झालं नाही. साळावलीचं धरण झालं. सासरचं मूळ गाव कुर्डी. ते पाण्याखाली गेलं, आणि माणसं वाडें, वाळकिणीच्या वसाहतींत आली. दर मे महिन्यात पाणी उतरतं, गाव वर येतं. आम्ही सोमेश्वराच्या देवळात जातो. ज्या दिवशी गाव सुटलं त्या दिवसाचा आमच्याकडे एक फोटो नाही. आता मे आला की डोक्यावर ड्रोन घोंघावतात. मागे एकदा सासूबाई घराच्या जोत्यावर बसल्या होत्या, जिथे त्यांचं देवघर होतं त्या जागी. एक मुलगा आला आणि म्हणाला, आजी, जरा तिकडे बघून बसा, उजेड चांगला आहे. त्या उठून गेल्या.

सासूबाईंकडे तेव्हा कॅमेरा असता तर त्यांनी काय काढलं असतं, हे मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, माडावर शेवटचे नारळ काढले ते, आणि गोठा मोकळा झाला तो. मला ते पाहायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. मास्तर, मला तुमचं पटतं. पण आम्ही काढलं नाही म्हणून आता दुसरे काढतात, हेही आहे ना?

वाळपईचा डॉक्टर

मी फेब्रुवारी २०२२ मध्ये खारकीव्हला वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला होतो. म्हणजे या धाग्यात जो “सामान्य माणूस” म्हणता तो मी होतो, सहा-सात दिवसांसाठी का होईना.

वसतिगृहाच्या तळघरात आम्ही शंभरेक मुलं होतो. भिंतीला गरम पाण्याचा जाड पाइप होता, त्याला पाठ लावून बसायला पाळ्या लागायच्या. मी रोज आईला व्हिडिओ पाठवायचो, मी धड आहे हे तिला दिसावं म्हणून. चौथ्या दिवशीच्या व्हिडिओत माझ्या मागे दुसऱ्या राज्यातली एक मैत्रीण फोनवर तिच्या आईशी बोलत रडत होती. केस सुटलेले, नाक पुसत. माझं लक्षही नव्हतं. आईने तो मामाला पाठवला, मामाने गटावर टाकला, आणि संध्याकाळी तो एका वाहिनीवर होता. खाली लाल पट्टी, मागे तबल्यासारखं धडधडणारं संगीत. माझा चेहरा कापून तिचा मोठा केलेला. तिच्या गावातल्या सगळ्यांनी पाहिला.

१ मार्चला कर्नाटकातला एक विद्यार्थी खाण्याचं सामान आणायला बाहेर पडला आणि हल्ल्यात गेला. २ तारखेला दूतावासाने सांगितलं की मिळेल तसं, चालत का होईना, खारकीव्ह सोडा. आम्ही पिसोचिनपर्यंत बर्फातून चालत गेलो. ती मैत्रीण सबंध वाटेत माझ्या पुढे चालत होती, एकदाही मागे वळली नाही. नंतर आजवर बोललेली नाही. मी माफी मागितली, दोनदा.

ताई, परतीचं तिकीट नसलेला माणूस जास्त खरा असतो म्हणता. मी खरा होतो, पण बेसावध होतो. पत्रकाराला निदान मागे कोण आहे हे बघायचं शिक्षण असतं. आम्हाला नसतं.

हसन फझिली या अफगाण दिग्दर्शकाचा ‘मिडनाइट ट्रॅव्हलर’ मी परत आल्यावर पाहिला. तालिबानने त्याच्या डोक्यावर इनाम लावलं म्हणून तो बायको आणि दोन मुलींना घेऊन युरोपकडे निघतो, सगळं चित्रण तीन मोबाइलवर. वाटेत एकदा धाकटी मुलगी सापडेनाशी होते. तो शोधत सुटतो, आणि शोधता शोधता त्याच्या मनात येतं की आत्ता कॅमेरा चालू केला तर हा सबंध चित्रपटातला सगळ्यात जबरदस्त प्रसंग होईल. तो कॅमेरा लावत नाही. मुलगी सापडते. पण हा विचार मनात आला याची त्याला स्वतःची किळस येते, आणि हे तो सांगतो तेव्हा पडदा काळा असतो. मला त्या काळ्या पडद्याइतकं दुसरं काहीच खरं वाटलं नाही.

कात्री (मडगाव, सध्या मुंबई)

डॉक्टर, तो काळा पडदासुद्धा संकलनात ठरलेला आहे. आणि तरी तो खरा आहे. माझा मुद्दा मीच थोडा खोडतो आहे याची मला जाणीव आहे.

जुना मास्तर (माशेल)

डॉक्टर, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी थोडा वेळ अंगणात जाऊन बसलो.

ताई, तुम्ही अजून परत आला नाहीत. एक सरळ प्रश्न आहे, राग मानू नका. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, म्हणजे २०२५ च्या, पेपरात वाचलं होतं: गाझातली फातमा हस्सूना नावाची पंचवीस वर्षांची छायाचित्रकार. तिच्याशी व्हिडिओ कॉलवर झालेल्या बोलण्याचा सेपिदेह फार्सी यांनी माहितीपट केला. तो कान महोत्सवाच्या एका विभागात निवडला गेल्याचं जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी ती घरावरच्या हवाई हल्ल्यात घरच्या माणसांसकट गेली. जगाने पाहिलं म्हणून माणूस वाचतो, असं नाही. मग पाहणाऱ्याच्या पदरात काय उरतं? तुमच्या स्वतःच्या घरचं असं काही असतं, तर तुम्ही चादर लावून दाखवलं असतंत का?

मांडवीकाठ (पणजी)

मास्तर, राग नाही. दोन दिवस लिहिलं नाही कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या कपाटात आहे.

माझे बाबा कुवेतला एका कंपनीत हिशेबनीस होते. जुलै १९९० मध्ये माझ्या चौथ्या वाढदिवसाला त्यांनी हँडीकॅम घेतला. २ ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. आमच्याकडे दीड तासाची एक कॅसेट आहे. पहिली वीस मिनिटं माझा वाढदिवस. गुलाबी केक, फुगे, आईची नवी साडी. मग पडद्यावर रेघा येतात आणि एकदम आमच्या स्वयंपाकघरातली जमीन. शेजारच्या तीन घरांतली माणसं बसली आहेत आणि आई वाटीने तांदूळ मोजते आहे. कोणी बोलत नाही. वाटीचा काठ ती प्रत्येक वेळी बोटाने सपाट करते, कुणाला दाणा जास्त जाऊ नये म्हणून. असं नऊ मिनिटं. रणगाडा आहे फक्त अकरा सेकंद, पडद्याच्या फटीतून, हात एवढा हलतो आहे की तो रणगाडा आहे हे सांगावं लागतं. मग पावाची रांग. मग बसरा, बगदादची बस, बसची मागची काच आणि धूळ.

त्या दोन महिन्यांत अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय परत आणले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर पुष्कळ बोललं, दाखवलं गेलं. विमानात बसण्याआधी जॉर्डनच्या सीमेवर, वाळवंटात, तंबूंतून माणसं किती दिवस पडून होती, हे माझ्या आईच्या त्या बोटाइतकं मला कुठेच दिसलं नाही.

आता तुमचा प्रश्न. कॅसेटच्या शेवटी त्या तंबूंच्या छावणीत पाण्याचा टँकर येतो. माणसं धावतात. एक म्हातारा पडतो. मागून येणारे त्याच्यावरून जातात. बाबा चित्रण करत राहतात. कॅमेरा त्याच्यावरून हलत नाही, पुढेही जात नाही, जवळजवळ मिनिटभर. मग कॅसेट संपते. बाबा सांगतात, बटणाचा खट असा आवाज आला तेव्हा मला कळलं की मी उभा आहे. ते धावले तोवर कुणी तरी त्याला उचललं होतं. तो कोण, कुठला, त्याचं काय झालं, बाबांना ठाऊक नाही. घरी आल्यावर त्यांनी हँडीकॅम विकून टाकला. पुढे माझ्या लग्नातसुद्धा त्यांनी कॅमेरा हातात घेतला नाही.

मी दाखवलं असतं का? तांदूळ मोजणारी आई, हो. आईला विचारून, ती आहे अजून. म्हातारा पडतो ते? गेल्या आठवड्यापर्यंत मी म्हटलं असतं, हो, तेच दाखवायला हवं. तुमचे आजोबा आणि डॉक्टरांची मैत्रीण वाचल्यावर मला तसं ठामपणे म्हणता येत नाही. पण ते पुसून टाकावं, हे मला पटणार नाही. पुसलं तर तो म्हातारा तिथे पडलाच नव्हता असं होईल. त्याच्या घरच्यांनी कधी विचारलं, आमचा माणूस त्या छावणीत होता का, तर जगात त्याचं उत्तर कदाचित या एकाच कॅसेटवर आहे.

तुमच्या आजीने धोतर धुतलं, मास्तर. पण तुम्ही ते पाहिलंत आणि साठ वर्षं सांभाळलंत. म्हणून आज आम्हाला कळलं की त्या दिवशी माशेलात भीती काय होती. तुम्हीच तो कॅमेरा होतात, असं मला वाटतं.

जुना मास्तर (माशेल)

नाही. मी ठरवू शकलो, कधी सांगायचं, किती सांगायचं, नाव घ्यायचं की नाही. यंत्राला ते ठरवता येत नाही. तिथे आपलं जमणार नाही.

पण त्या नऊ मिनिटांसाठी तुम्ही चादर लावणार असाल तर मला कळवा. मी माशेलहून येईन.

वाडेंची सून (सांगे)

मीही येईन. सासूबाईंना घेऊन.

कात्री (मडगाव, सध्या मुंबई)

मांडवीकाठ, आधी एक तातडीचं. ती कॅसेट शेवटची कधी लावली होती? गोव्याच्या पावसात पस्तीस वर्षं राहिली असेल तर फितीवर बुरशी असणारच. खिडकीतून आत बघा, फितीच्या कडेला पांढरी जाळी दिसते का. दिसली तर कुठल्याही यंत्रात घालू नका, आवर्जून सांगतो. यंत्राच्या फीत वाचणाऱ्या मुंडीवर बुरशी चिकटते आणि पुढची फीत फाटत जाते. उभी ठेवा, आडवी नको, आणि डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाका. मी चवथीला मडगावला येतो आहे. हाताने साफ करणारा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे, त्याच्याकडे आपण दोघं नेऊ. सगळी उतरवायची, पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या खटापर्यंत, न कापता. काय दाखवायचं ते तुम्ही आणि तुमचे बाबा नंतर बघा.

मांडवीकाठ (पणजी)

देव बरें करूं, कात्री. पाहिलं. जाळी आहे, एका कडेला, बोटभर. शेवटच्या बाजूला आहे की सुरुवातीच्या, ते मला कळलं नाही.

काल रात्री जेवल्यावर बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. वाळपईच्या डॉक्टरांचं दोनदा वाचायला लावलं. मग उठले, कपाट उघडलं, कॅसेट हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट करून पाहिली. मी म्हटलं, चिठ्ठी बदलूया का, वर काय आहे ते कुणाला कळत नाही. त्यावर त्यांच्याच अक्षरात निळ्या शाईने लिहिलं आहे: ‘वाढदिवस, जुलै १९९०’. ते म्हणाले, साफ करायला ने, सगळी उतरव, पण चिठ्ठी तीच राहू दे.